पाच रिंगिटचं ताट आणि पांढरा झेंडा : मलेशियात राहून कळलेलं थोडं काही

पेटालिंगकरीण (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

मलेशियात येऊन आम्हाला चौदा वर्षं झाली. क्वालालंपूरला अगदी चिकटून असलेल्या पेटालिंग जयात राहतो. दिवाळीत पुण्याहून माझा आत्येभाऊ आला होता. आमच्याकडे फराळाला शेजारची मलय मकचिक (मावशी म्हणतो ना आपण, तसं), वरच्या मजल्यावरचे चिनी अंकल आणि समोरचं तमिळ कुटुंब, असे सगळे बसलेले बघून तो रात्री म्हणाला, "देव वेगळे, भाषा वेगळ्या, खाणं वेगळं. हे लोक एका देशात राहतात तरी कसे?" मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून हा धागा.

उत्तराची सुरुवात आमच्या इमारतीखालच्या भाताच्या दुकानापासून करते. याला इथं नासी चंपूर म्हणतात. ताटात भात घ्यायचा, समोर मांडलेल्या वीस-पंचवीस परातींतून हवं ते स्वतःच वाढून घ्यायचं आणि ताट मालकिणीपुढे धरायचं. वजनकाटा नाही, दरपत्रक नाही. ती दोन सेकंद ताटाकडे बघते आणि आकडा सांगते. मी आले तेव्हा भात, एक भाजी आणि कोंबडीचा तुकडा पाच-साडेपाच रिंगिटला (रिंगिट हे इथलं चलन) यायचा. आज तेच ताट नऊ-दहाला पडतं. महागाईवरची भाषणं मी फारशी ऐकत नाही, ती बाई ताटाकडे बघताना क्षणभर थांबते त्यावरून मला कळतं. पूर्वी थांबायची नाही. आता पलीकडे उभ्या माणसाला परवडेल का, हा विचार तिच्या चेहऱ्यावर येऊन जातो.

इथल्या एका मंत्रालयाच्या नावातच राहणीमानाचा खर्च आहे : देशांतर्गत व्यापार आणि राहणीमान-खर्च मंत्रालय. २०२२ च्या अखेरीस सलाहुद्दीन अयूब त्याचे मंत्री झाले आणि ३१ जानेवारी २०२३ ला त्यांनी 'मेनू रहमाह' सुरू केला. रहमाह म्हणजे करुणा, दया. पाच रिंगिट किंवा त्याहून कमी पैशात पोटभर जेवण : भात किंवा नूडल, सोबत मासा, अंडं किंवा कोंबडी, आणि भाजी. सरकारनं दुकानदारांना यासाठी अनुदान दिलं नाही, ज्याला जमेल त्यानं आपणहून यावं एवढंच आवाहन केलं. मला वाटलं होतं, कोण येणार? पण आमच्या मालकिणीनं काचेवर कागद चिकटवला आणि रोज वीस ताटं वेगळी ठेवू लागली. त्यातलं एक आमच्या इमारतीचा नेपाळी वॉचमन न्यायचा, एक कॉलेजची चिनी मुलगी, एक म्हातारे तमिळ गृहस्थ. कुणालाही तिनं कार्ड मागितलं नाही, तू कोण म्हणून विचारलं नाही.

जुलै २०२३ मध्ये सलाहुद्दीन अयूब मेंदूतल्या रक्तस्रावानं गेले, वय ६१. त्या दिवशी मालकिणीनं मला ताटाचा आकडा सांगितलाच नाही, हातानं जा म्हणून खूण केली. या मंत्रालयात त्यांना आठ महिनेसुद्धा पुरते मिळाले नाहीत. चांगलं नेतृत्व म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर मला आधी हा माणूस आठवतो. गरिबाला भूक लागते दुपारी एक वाजता, ही गोष्ट त्यांना कळली होती.

दुसरी आठवण २०२१ ची. जूनपासून कडक टाळेबंदी. रोजंदारी बंद, दुकानं बंद. राजकारणाचं म्हणाल तर फेब्रुवारी २०२० ते नोव्हेंबर २०२२ एवढ्या काळात या देशानं चार पंतप्रधान पाहिले. जानेवारी २०२१ मध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि संसद काही महिने भरलीच नाही. वर कोण आहे, काय चाललंय, लोकांना कळेना. अशात जुलैच्या सुमारास 'बेंडेरा पुतिह', म्हणजे पांढरा झेंडा, ही हाक निघाली. घरात खायला नसेल तर खिडकीला पांढरं फडकं बांधा, मागायला लाजू नका, शेजारी बघतील.

आमच्या मागच्या बाजूला कमी उत्पन्नवाल्यांच्या जुन्या इमारती आहेत. एका सकाळी चौथ्या मजल्यावर उशीचा पांढरा अभ्रा बांधलेला दिसला. मकचिकनं आधी पाहिला. खाली गाडीतळावर आम्ही सामान जमवलं : तांदळाची पाच किलोची पिशवी, तीस अंड्यांचा ट्रे, तेलाची सरकारी भावाची एक किलोची पाकिटं, माइलो, बिस्किटं, लहान मुलाचे डायपर. एका गाडीत एका घरातली दोनच माणसं असा नियम होता, म्हणून न्यायचं काम माझ्याकडे आणि नवऱ्याकडे आलं. मी डिकी लावणार तेवढ्यात चिनी अंकल म्हणाले, थांब, आणि त्यांनी खोक्यातून बीफ रेंडांगचे दोन डबे बाहेर काढले. म्हणाले, "घरचे हिंदू असले तर? उपाशी माणसाला नाही म्हणायची वेळ येऊ नये." त्यांच्याकडचे सार्डिनचे डबे आणून त्यांनी त्या जागी ठेवले. घर तमिळ निघालं. आई आणि दोन मुलं.

माझ्या भावाला मी हे सांगायला हवं होतं. एकत्र कसे राहतात, तर ते डबे काढून ठेवतात म्हणून राहतात.

अजून एक, भाषेचं. मलयमध्ये जनतेला 'राक्यात' म्हणतात. अरबीतून आलेला शब्द, आपली 'रयत' तीच. लोकसभेला 'देवान राक्यात' म्हणतात. किंमत म्हणजे 'हार्गा', संस्कृत 'अर्घ'वरून आलेला. पंतप्रधान म्हणजे 'पेर्दाना मेन्तेरी', त्यातला मेन्तेरी म्हणजे आपला मंत्रीच. बातम्यांमध्ये रयत, अर्घ आणि मंत्री हे तीन शब्द एकाच वाक्यात आले की मी अजूनही थबकते.

तुमच्या गावात, देशात महागाईच्या वेळी माणसं जवळ येतात की दुरावतात? लिहा.

सातारी_मिरची

सुंदर लिहिलंय ताई. उशीच्या अभ्र्याशी थांबले होते थोडा वेळ.

रोखठोक

धागा मनापासून लिहिलाय, त्याबद्दल आदर. पण चित्र अर्धंच आहे. याच देशात 'बुमिपुत्रा', म्हणजे भूमिपुत्र (मलय आणि तिथले मूळ लोक), हा शब्द शासकीय धोरणाचा पाया आहे. १९७१ च्या नव्या आर्थिक धोरणानं कंपन्यांच्या मालकीतला ३० टक्के वाटा १९९० पर्यंत भूमिपुत्रांकडे नेण्याचं ठरवलं. शिक्षणात, सरकारी नोकऱ्यांत, घरांच्या किमतीतल्या सवलतीत वंश बघितला जातो. २५ नोव्हेंबर २००७ ला क्वालालंपूरच्या रस्त्यावर हजारो भारतीय वंशाचे लोक हिंद्राफ या हिंदू हक्क संघटनेच्या झेंड्याखाली उतरले होते, त्यांच्यावर अश्रुधूर सोडला, पुढाऱ्यांना विनाचौकशी डांबलं. रबराच्या मळ्यांतून उठलेल्या त्या तमिळ कुटुंबांना विचारा एकता म्हणजे काय. शेजारधर्म हा कायद्याला पर्याय नाही.

पेटालिंगकरीण (धागाकर्ती)

रोखठोक, तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते मला घरबसल्या कळलेलं नाही. आम्ही इथं आलो तेव्हा पहिलं घर शोधताना एका घरमालकानं फोनवर नाव ऐकताच "सॉरी, इंडियन नको" म्हणून फोन ठेवला. दुसऱ्यानं जाहिरातीतच लिहिलं होतं. मी त्या दिवशी रडले होते. मग आठवलं, मुंबईत माझ्या मैत्रिणीला मासे खाता म्हणून घर नाकारलं होतं, आणि तिच्या मुसलमान सहकाऱ्याला काही कारण न देताच. तेव्हा मी चार शब्द हळहळण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

१३ मे १९६९ ला क्वालालंपूरमध्ये मलय आणि चिनी लोकांत भीषण दंगल झाली. आमच्या चिनी अंकलचं तेव्हा वय अकरा. ते त्याबद्दल बोलत नाहीत, मे महिना आला की एवढंच म्हणतात की त्या वेळी आम्हाला एका मलय शिक्षकानं घरात ठेवून घेतलं. पुढच्या वर्षी, ३१ ऑगस्ट १९७० ला, 'रुकुन नगारा' ही पाच तत्त्वं जाहीर झाली : ईश्वरावर श्रद्धा, राजा आणि देशाशी निष्ठा, राज्यघटनेचं सर्वोच्च स्थान, कायद्याचं राज्य, सौजन्य आणि सदाचार. इथल्या शाळेत मुलं ती म्हणतात. पाचवं मला फार आवडतं. राष्ट्राच्या तत्त्वांत चांगलं वागणं लिहून ठेवावंसं वाटलं, कारण ते न वागण्याची किंमत नुकतीच मोजून झाली होती.

तुम्ही म्हणता त्या १९७१ च्या धोरणाला दोन अंगं होती. पहिलं होतं वंश न बघता गरिबी हटवणं. दुसरं, अमक्या वंशाचा म्हणजे अमकाच धंदा, ही गाठ सोडवणं. १९७० मध्ये मलेशियाच्या द्वीपकल्पातली जवळपास निम्मी घरं दारिद्र्यात होती, त्यामुळे पहिल्या अंगाची गरज सगळ्यांना होती आणि त्यातून गरिबी खरोखर खूप उतरली. पण राजकारण दुसऱ्या अंगावर चाललं आणि पहिल्याचं नाव निघेनासं झालं. माझं म्हणणं इथंच आहे. महागाईचा आणि गरिबीचा हिशेब माणसाचा वंश बघून मांडला की शेजाऱ्याच्या ताटाकडे संशयानं बघायची सवय लागते. ज्याला आपल्याच वंशापुरतं बोलून निवडून येता येतं, त्याला सगळ्यांच्या ताटाची काळजी करायचं कारण उरत नाही.

मळ्यांचं तुम्ही काढलंत म्हणून इथले भारतीय वंशाचे नेते तुन संबंतन ('तुन' हा इथला मानाचा किताब) यांचं सांगते. स्वातंत्र्यानंतर गोरे मालक रबराचे मळे तुकडे पाडून विकू लागले, तमिळ मजुरांचं काम आणि राहतं घर एकदमच जायची वेळ आली. संबंतन यांनी १९६० मध्ये सहकारी संस्था काढली आणि मजुरांच्या छोट्या छोट्या हप्त्यांतून मळेच विकत घ्यायला सुरुवात केली. ते मंत्री होते, भाषणं करून थांबू शकले असते. मळ्यामळ्यात जाऊन ते मजुरांना समजावत राहिले. सगळ्यांना वाचवता आलं नाही. २००७ ला जी माणसं रस्त्यावर आली, त्यात या न वाचलेल्यांची मुलं-नातवंडं होती, हे मान्य.

आता गोष्टी थोड्या बदलतायत असं वाटतं. ३१ ऑगस्ट २०२५ पासून अठरा वर्षांवरच्या प्रत्येक नागरिकाच्या ओळखपत्रावर १०० रिंगिट जमा झाले, किराणा घ्यायला. मलय, चिनी, भारतीय, सारवाकचे इबान, साबाचे कादाझान, सगळ्यांना सारखे. त्याच वर्षी सप्टेंबरअखेरीपासून पेट्रोलचंही तसंच झालं : नागरिकानं पंपावर ओळखपत्र लावलं की लिटरला १.९९ रिंगिट, सुरुवातीला महिन्याला ३०० लिटरपर्यंत. मी परदेशी, मला तेव्हा २.६० च्या आसपास पडायचं. मला त्याचं वाईट वाटत नाही, उलट बरं वाटतं, कारण पंपावरचं यंत्र नाव वाचून भाव ठरवत नाही.

मोडी_वाचक

'राक्यात' वाचून एक आठवलं. शिवाजी महाराजांनी १६७३-७४ च्या सुमारास चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र. पावसाळ्यात लष्कर मुक्कामाला आहे, दाणागोटा जपून वापरा, रयतेकडून काही हिसकावू नका, पैसे देऊन बाजारातून घ्या, असा त्यात हुकूम आहे. नाहीतर लोक म्हणतील याच्यापेक्षा मोगल बरे. पुढे तर बारकावा एवढा, की रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर जळती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, मग घोडी उपाशी मरतील. राजाला वात, उंदीर आणि गवत दिसतंय. मंत्र्याला पाच रिंगिटचं ताट दिसलं, ते मला याच जातीचं वाटलं.

सिंगापूरी_पोहे

पुलापलीकडून, सिंगापूरहून लिहितोय. जून २०२२ मध्ये मलेशियानं कोंबड्यांची निर्यात थांबवली, घरच्या लोकांना चिकन महागलं म्हणून. आमच्याकडे चिकन-राइसच्या गाळ्यांवर रोज त्याचीच चर्चा. त्यांच्या बाजूनं निर्णय बरोबर होता, आमच्या बाजूनं गाळेवाल्याचं पोट.

इथं सरकारी घरांत १९८९ पासून प्रत्येक इमारतीत कुठल्या वंशाची किती घरं असावीत याची मर्यादा ठरलेली आहे, म्हणून शेजार मिश्र राहतो. घर विकताना ठरावीक वंशाचंच गिऱ्हाईक शोधावं लागतं, तेव्हा लोक वैतागतात. तरी माझी मुलगी ज्या चिनी आजीकडे शाळेनंतर थांबते, ती आजी या नियमाशिवाय आमच्या शेजारी राहायला आली असती का, याची मला खात्री नाही.

निफाडचा_शेतकरी

ताई, धागा दोनदा वाचला. एक बाजू राहिली ती सांगतो.

तुमच्याकडे क्वालालंपूरला जो कांदा येतो, त्यातला पुष्कळसा आमच्या नाशिक जिल्ह्यातला. मलेशिया आमचं जुनं गिऱ्हाईक आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आधी ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. मग ८ डिसेंबरला, शुक्रवार होता, निर्यात बंदच केली. आदल्या रात्री मोबाइलवर कळलं. माझा तीन एकर लाल कांदा काढणीला आलेला. लाल कांदा म्हणजे उन्हाळ कांदा नाही, की कांदाचाळीत टाकला आणि चार-सहा महिने वाट बघितली. तो टिकत नाही. काढला की विकायचा. दुसऱ्या दिवशी लिलाव बंद. चांदवडला लोकांनी मुंबई-आग्रा महामार्ग अडवला, मीही होतो. लिलाव सुरू झाले तेव्हा माझ्या ट्रॅक्टरला आधीच्या आठवड्याच्या निम्म्यानं भाव पुकारला. वडील ट्रॉलीजवळ उभे होते, व्यापाऱ्यानं कांदा हातात घेऊन परत टाकला, तो त्यांनी खाली वाकून उचलून पुन्हा ढिगावर ठेवला. काही बोलले नाहीत. बंदी उठली ४ मे २०२४ ला. तोवर माझा लाल कांदा कधीच संपला होता.

शहरातल्या माणसाला कांदा स्वस्त मिळावा, याला माझी ना नाही. माझी बहीण नालासोपाऱ्यात राहते, तिलाही विकतच घ्यावा लागतो. पण तिची स्वस्ताई माझ्या एकट्याच्या खिशातून का? सरकारनं बाजारभावानं घेऊन तिला स्वस्त विकावा, फरक तिजोरीतून द्यावा. आणि काय करायचं ते रोपं लावायच्या आधी सांगावं. तुमच्या त्या मंत्र्यानं दुकानदारांना विचारलं, ज्याला जमेल त्यानं या. आम्हाला कुणी विचारलं नाही.

पेटालिंगकरीण (धागाकर्ती)

दादा, तुमच्या वडिलांचं वाचून गप्प बसून राहिले. त्या डिसेंबरात इथं कांदा जवळपास दुप्पट झाला होता, आणि मी घरी चिडचिड करत होते, की भारताला एवढं काय झालं. गोण्यांवर पाकिस्तान, चीन, हॉलंड अशी नावं दिसायची. त्याच वर्षी जुलैत भारतानं पांढऱ्या तांदळाची निर्यातही थांबवली होती. सप्टेंबरमध्ये इथं आयात तांदूळ टनाला २,३५० वरून ३,२०० रिंगिटवर गेला, आणि सगळे २६ रिंगिटला दहा किलो मिळणाऱ्या देशी तांदळावर तुटून पडल्यामुळे तो दुकानांतून गायबच झाला. तेव्हा मकचिकनं तिच्याकडच्या तांदळातला अर्धा मला दिला होता. तेव्हा मी एवढंच बघत होते की इकडे कोण कुणाला मदत करतंय. तिकडे ट्रॉलीजवळ कोण उभं आहे हे मनातच आलं नाही.

आज रविवार, सकाळी बाजारात जाऊन आले. नेहमीच्या चिनी आन्टीकडे कांदा घेतला आणि मुद्दाम विचारलं, कुठला? तिनं पायानं गोणी पुढे सरकवली. लाल जाळीची पिशवी, वर 'भारत' एवढंच वाचता आलं, बाकीचं लेबल फाटलेलं. किलोला साडेतीन रिंगिट. मी तिला तुमचा प्रतिसाद मोडक्यातोडक्या मलयमध्ये सांगितला. शेजारच्या गाळ्यावरचा तमिळ मिरचीवालाही ऐकत होता. आन्टीनं विचारलं, "मग त्याला आता किती मिळतात?" मला सांगता आलं नाही.

निफाडचा_शेतकरी

ताई, पिशवी किती किलोची होती? आणि कांद्याचा रंग गडद लाल की फिकट गुलाबी? फिकट असेल तर गेल्या उन्हाळ्यातला, चाळीतला.

उद्या सकाळी लासलगावला दोन ट्रॅक्टर घेऊन जातोय. लिलाव झाला की भाव इथंच टाकतो, आन्टींना सांगा.